आजीची मशीन: एक बखर

आमच्या नगर जिल्ह्यात टंचाई पडते ती पाण्याची. इतिहासाची कधीच पडलेली नाही. १४९० साली मलिक अहमद निजामशहाने शहर वसवले, तेव्हापासून इतिहास इथे नुसता साचून राहिला आहे. भुईकोट किल्ला आहे. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरूंना तिथेच डांबून ठेवले होते. आणि पाहुण्यांना दाखवायला शहराबाहेरच्या डोंगरावर चांदबिबीचा महाल आहे. आता तो महालही नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. हे आम्हा नगरकरांना चांगले ठाऊक असते. तरीही 'चला, सलाबतखानाची कबर बघून येऊ' असे म्हणत रविवारी डबा घेऊन निघालेले कुटुंब मी अजून पाहिलेले नाही. वस्तू एकाची आणि नाव दुसऱ्याचे, याची आम्हाला सवय आहे. २०२४ साली खुद्द अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. दोन्ही नावांत 'नगर' शाबूत राहिल्यामुळे माझ्यासारख्या आळशी माणसाची सोय झाली, एवढेच.

ही प्रस्तावना अशासाठी, की आमच्या घरातल्या एका ऐतिहासिक वस्तूच्या मालकीचा प्रश्न गेल्या वर्षी निघाला. ती वस्तू म्हणजे शिवणाची मशीन. पायाने चालवायची, लाकडी पेटीतली, दोन बाजूंना खण असलेली. तिच्या ओतीव लोखंडाच्या पायांत वेलबुट्टीच्या इंग्रजी अक्षरांत 'सिंगर' असे कोरलेले आहे. घरात मात्र तिला सगळे 'आजीची मशीन' म्हणतात. आजी गेल्यावर मशीन सेवानिवृत्त झाली आणि सेवानिवृत्तांची होते तशीच तिची परवड झाली. आधी तिच्यावर टीव्ही बसला, मग मिक्सर, मग इस्त्रीला द्यायचे कपडे, आणि शेवटी तिची बदली जिन्याखाली झाली.

घराला रंग द्यायचा निघाला तेव्हा तिच्यावर तीन दावे दाखल झाले. भंगारवाला किलोचा भाव सांगून दारातच उभा राहिला. पुतण्या म्हणाला, "काका, वरचं डोकं काढून टाका आणि काच बसवा. पुण्याला हॉटेलांत असलीच टेबलं असतात. भारी दिसतं." आणि संगमनेरहून आत्याचा फोन आला : "मशीन विकलीत तर माहेरी पाऊल टाकायची नाही मी." सौ.ने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि एका वाक्यात निकाल दिला. "ठेवायची असेल तर ती चालली पाहिजे. दसऱ्यापर्यंत."

आमच्या बँकेत परिपत्रक आल्याशिवाय कोणी पंखासुद्धा लावत नाही. तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी मी आधी वाचन केले. सनावळ्यांच्या धास्तीने इतिहास सोडून मी कॉमर्सला गेलेला माणूस. पण शिवणयंत्राचा इतिहास वाचताना लक्षात आले, की हा विषय मुळी कॉमर्सचाच आहे. त्यात टाके थोडे आणि कर्जे फार.

पहिला मान एका फ्रेंच शिंप्याकडे जातो. बार्थेलेमी थिमोनिए त्याचे नाव. १८३० साली त्याने यंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवायचा कारखाना काढला. आपला धंदा बसणार हे शहरातल्या शिंप्यांनी ओळखले आणि १८३१ साली त्यांच्या जमावाने कारखान्यात घुसून यंत्रे फोडून टाकली. शिंप्यांनी वेळेवर केलेले असे इतिहासात हे एकच काम माझ्या पाहण्यात आहे. थिमोनिए पुढे १८५७ साली गरिबीतच वारला.

दुसरा वॉल्टर हंट, न्यूयॉर्कचा. १८३०च्या दशकात त्याने सुईचे भोक उचलून टोकाशी आणले आणि वरचा दोरा व खालचा दोरा एकमेकांत अडकवून टाका घातला. आजही मशीनचा टाका हाच. पण त्याने पेटंट घेतले नाही. असे सांगतात, की त्याच्या मुलीनेच त्याला अडवले; हाताने शिवून पोट भरणाऱ्या बाया उघड्यावर पडतील, असे तिचे म्हणणे पडले. याच हंटने १८४९ साली सेफ्टी पिन काढली आणि तिचे हक्क ४०० डॉलरला विकून टाकले, कारण त्याला कोणाचे तरी १५ डॉलर द्यायचे होते! वसुलीचा तगादा माणसाला किती कल्पक बनवतो याचा एवढा चांगला दाखला आमच्या वसुली खात्याकडेही नाही.

तिसरा इलियास हौ. १८४६ साली त्याला पेटंट मिळाले. गिऱ्हाईक मिळाले नाही. नशीब काढायला तो इंग्लंडला गेला आणि परतीच्या भाड्यासाठी त्याला यंत्राचा नमुना गहाण टाकावा लागला. घरी येऊन बघतो तो अमेरिकेत दुसरेच लोक त्याच्या तत्त्वावरची यंत्रे विकताहेत! त्यांतला एक आयझॅक सिंगर. हा मूळचा नाटकवाला. त्याने १८५१ साली आपल्या सुधारित यंत्राचे पेटंट घेतले होते. हौने दावे लावले, जिंकले, आणि १८५६ साली सगळ्या मोठ्या कारखानदारांनी कोर्टाचा नाद सोडून आपापली पेटंटे एका ठिकाणी जमा केली. तेव्हापासून हौला दर यंत्रामागे पैसे मिळत गेले. नाव मात्र लोखंडात सिंगरचे ओतले गेले. सलाबतखान आणि चांदबिबी, दुसरे काय!

सिंगरविषयी आपल्याकडे एक हृद्य समजूत आहे आणि ती प्रत्यक्ष गांधीजींनी पसरवलेली आहे. यंत्रांवर एवढा राग असणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली एका मुलाखतीत शिवणयंत्राला अपवाद म्हणून सूट दिली. बायकोला हाताने शिवताना कष्टताना पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र काढले, असे त्यांनी सांगितले. चरखा झाला तरी टोपी शिवायला मशीनच लागते, हा व्यवहारही त्यामागे असेल. खरी हकीगत जरा वेगळी आहे. सिंगरसाहेबांचे एकाच वेळी अनेक संसार चालू होते आणि मुले वीसच्या वर होती. त्यामुळे गांधीजींचे म्हणणे अगदीच चूक म्हणवत नाही. एवढ्या लेकरांची झबली हाताने शिवायची म्हटल्यावर कोणीही यंत्र काढील.

पण माझ्या मते या बखरीचा खरा नायक निराळाच आहे. तो सिंगरचा वकील आणि भागीदार. त्याचे आडनाव क्लार्क! एडवर्ड क्लार्क. आडनाव वाचल्याबरोबर मला तो आपल्यातला वाटला. मशीनची किंमत शंभर डॉलरच्या घरात. साध्या कुटुंबाची वर्षाची मिळकत पाचशेच्या आसपास. एवढी रक्कम एकदम कोण काढणार? १८५६ साली क्लार्कने युक्ती काढली : थोडे पैसे आधी द्या, मशीन घरी न्या, उरलेले महिन्याच्या महिन्याला फेडा. शेवटचा हप्ता फिटला की मशीन तुमची, तोवर कंपनीची. सिंगरने टाका घातला, क्लार्कने हप्ता पाडला. आज फ्रीज, फटफटी आणि फ्लॅट ज्या मार्गाने घरात येतात तो मार्ग शिवणाच्या मशीनने रुळवलेला आहे.

हिंदुस्थानात सिंगर १८७०च्या दशकात उतरली. तिचा इथला पसारा वाढवला तो नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थाने. त्याच्यापुढची अडचण लक्षात घ्या. एका बाजूला साडी, दुसऱ्या बाजूला धोतर, डोक्याला पागोटे. सगळा देश न शिवलेल्या कपड्यात वावरत असताना याला विकायची शिवणयंत्रे! पण हळूहळू कोट आला, शाळेचा गणवेश आला, गाठीच्या चोळीच्या जागी पोलके आले आणि पोलक्याला फुग्याच्या बाह्या आल्या. मुलींना शिवण शिकवायची सोयही होत गेली. आमच्या नगरात अमेरिकन मिशन १८३१ पासून. त्यांच्या मुलींच्या शाळांत अक्षरांच्या जोडीला सुईदोराही असे. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते इथल्याच मिस फॅरारबाईंकडे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांचे सेवासदन निघाले, तिथेही शिवणाचे वर्ग चालत. १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगची 'उषा' आली आणि मशीन स्वदेशीही झाली.

एवढी विद्वत्ता पदरी बांधून मी जिन्याखाली शिरलो.

मशीनचे चाक हलेना. माझ्याकडून हलेना म्हणून पुतण्याने हलवून पाहिले, त्याच्याकडूनही हलेना. तेव्हा कापड बाजाराच्या बाजूला चाळीस वर्षे मशिनी दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांना घेऊन आलो. त्यांनी मशीनच्या अंगावरून हात फिरवला, वास घेतला आणि डॉक्टरी गांभीर्याने म्हणाले, "साहेब, मशीन मेली नाही. झोपली आहे. कुणीतरी खोबरेल पाजलंय तिला."

हे कोणाचे कृत्य हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे आणि कोणीही बोलत नाही. मशीनला मशीनचेच पातळ तेल लागते. खोबरेल घातले की ते वर्षानुवर्षे वाळत जाते आणि सांध्यासांध्यांत त्याचा डिंक होतो. उपाय म्हणजे रॉकेल. पण रॉकेल हाच पदार्थ आता इतिहासजमा झाल्याने ते मिळवायलाच चार दिवस गेले. तेलाच्या प्रत्येक भोकात दोन थेंब सोडायचे, रात्रभर थांबायचे, सकाळी चाक अलगद मागेपुढे करायचे. जबरदस्ती करायची नाही. "थकबाकीदारासारखं समजा," चाचा मला समजेल अशा भाषेत म्हणाले. "रोज थोडं थोडं." पाचव्या दिवशी चाक बोटभर फिरले, आठव्या दिवशी पुरते.

चाचांचा एक दंडक होता : काळ्या अंगाला स्पिरिट लावायचे नाही. त्या काळ्या रंगावर सोनेरी नक्षी असते आणि तिच्यावर लाखेचा पातळ हात. स्पिरिटने लाख विरघळते आणि तिच्यामागून नक्षीही निघते. म्हणून तिथे फक्त तेलाचा बोळा. नक्षीवर मात्र दसऱ्या-दसऱ्याला वाहिलेल्या हळदीकुंकवाचे थर साचले होते. झाडाचे वय खोडातल्या कड्यांवरून काढतात. आमच्या मशीनचे कुंकवावरून निघाले असते. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखालून निघालेला कापसाचा गोळा तर संग्रहालयात ठेवण्याजोगा होता. त्यात खाकी होता, शाळेचा निळा होता, आणि आत्याने जागच्या जागी ओळखलेला एक जांभळा होता. "माझ्या मंगळागौरीचं पोलकं!" आत्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. खात्री करून घ्यायला ती संगमनेरहून एस.टी.ने आली होती.

कुंकू निघाल्यावर पट्टीवरचा नंबर दिसला. इंग्रजी 'वाय' अक्षर आणि पुढे आकडे. सिंगरच्या मशिनींचे नंबर म्हणजे आमच्या खातेक्रमांकांसारखे असतात. त्यावरून शाखा आणि साल दोन्ही कळते. 'वाय' म्हणजे स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा कारखाना, साल १९२०च्या दशकातले. हा कारखाना १८८०च्या दशकात उभा राहिला. हजारो माणसे तिथे काम करत, त्याला स्वतःचे रेल्वे स्टेशन होते आणि मनोऱ्यावर चार तोंडांचे प्रचंड घड्याळ होते. १९८० साली तो बंद पडला. त्याने बनवलेली मशीन आमच्या जिन्याखाली जिवंत निघाली. चाचांनी सांगितले, की ही 'पंधरा नंबरच्या' घराण्यातली. हे घराणे १८७९ पासूनचे. पुढे आपल्याकडच्या कारखान्यांनीही याच बेताच्या मशिनी काढल्या. त्यामुळे शंभर वर्षांच्या या मशीनला सुई लागली ती कोपऱ्यावरच्या दुकानात, दोन चहांच्या किमतीत. माझ्या तीन वर्षांच्या मोबाइलची पिन मात्र आता मिळत नाही.

मग पेटी. झाकणावरच्या लाकडाचा पातळ पापुद्रा ओलीने सुटून पापडासारखा फुगला होता. सुताराने त्याखाली सरस सोडला आणि वर वजन ठेवायला सांगितले. आमच्या घरातली सर्वात जड वस्तू म्हणजे आजीचा पाटा. आठ दिवस आजीच्या मशीनवर आजीचा पाटा बसून होता. नंतर बारीक पॉलिश पेपर, आणि मग लाख पॉलिश : चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायचा, गाळायचा, कापसाच्या बोळ्याने पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. (स्पिरिट लाकडाला चालते, मशीनला नाही. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष.) एका दमात जाड थर दिला तर लाकूड चमकत नाही, चिकट होते.

हे हात मारताना मला क्लाइडबँकच्याच बायका आठवत होत्या. १९११च्या मार्चमध्ये त्या कारखान्यात पेट्यांना पॉलिश करणाऱ्या काही जणींना हलवून त्यांचे काम उरलेल्या बारा जणींच्या माथी मारले. त्या बारा जणी काम टाकून बाहेर पडल्या आणि बघता बघता हजारो कामगार त्यांच्यामागून बाहेर आले. संप फसला. कंपनीने नंतर शेकडो जणांना घरी पाठवले. आमची पेटी त्यानंतरची. तिच्यावर पहिला हात कोणाचा फिरला ते लोखंडात ओतलेले नाही.

शेवटी राहिले खण. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या दप्तरांसाठी गावोगाव पायपीट करत हिंडले. मला डावा खण ओढण्यापलीकडे काही करावे लागले नाही. आत बटणांचा डबा, खडू, गंजलेली कात्री, आणि त्याखाली एक लाल पुठ्ठ्याची वही.

आजोबा गेले तेव्हा आजी तिशीत होती आणि पदरी तीन मुले. तिने १९५६ साली मुंबईला चाललेल्या एका शिंप्याकडून ही मशीन घेतली. दीडशे रुपये, महिना दहा, पंधरा हप्ते. एवढे आम्हाला ऐकून माहीत होते. वहीत त्याचा जमाखर्च होता. प्रत्येक महिन्यापुढे 'दिले'. दोन महिन्यांपुढे 'अर्धे दिले'. त्यामुळे पंधराचे सोळा महिने झाले. माझ्या नोकरीत मी हजारो कर्जखाती बंद केली आहेत. संगणक 'क्लोज्ड' म्हणतो आणि पुढच्या खात्याकडे वळतो. आजीने सोळाव्या हप्त्याखाली दोन रेघा मारून लिहिले आहे : 'फिटले. मशीन माझी.' 'माझी'वर शाई जरा जास्त पडली आहे.

त्या काळी घर सासऱ्यांच्या नावावर होते, रेशनकार्डही त्यांचेच. तिच्या एकटीच्या नावावर जगात एवढीच एक वस्तू होती. माझ्या वडिलांची फी, आत्याचे लग्न आणि माझ्या बारशाचा पाळणा या सगळ्याचे मूळ भांडवल तेच.

पुढची पाने गिऱ्हाइकांची. मापे आणि येणे. 'कोपऱ्यावरच्या वहिनी, पोलकी २.' 'मास्तरीणबाई, परकर ३.' मग १९७२ येते. त्या दुष्काळाविषयी नगर जिल्ह्यातल्या माणसाला काही सांगायला नको. लोक खडी फोडायला जात होते, मुलांना सुकडी मिळत होती आणि घराघरात मिलोच्या भाकऱ्या होत्या. आजीच्या वहीत त्या वर्षी काम थांबलेले नाही. उलट नव्याचे शिवण कमी आणि 'जुने उलटून', 'ठिगळ', 'साडीची दोन झबली' असलेच काम जास्त. येण्याच्या रकान्यात आकडे आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांपुढे एकच शब्द : 'सोडले.' आमच्याकडे कर्ज निर्लेखित करायचे तर समिती बसते, ठराव होतो, लेखापरीक्षक येतो आणि वर्तमानपत्रात अग्रलेख येतो. आजीचे काम तीन अक्षरांत आटोपत असे.

हप्त्याच्या खरेदीला नियम लावणारा कायदा आपल्या सरकारने त्याच वर्षी, १९७२ साली केला. तो अमलात कधीच आला नाही आणि २००५ साली रद्द झाला. त्यापेक्षा १९०८चा दिवाणी संहितेचा कायदा शहाणा. त्याचे साठावे कलम सांगते, की देणेकऱ्याची जप्ती करताना कारागिराची हत्यारे उचलता येत नाहीत. घर न्या, दागिना न्या. पण शिंप्याची मशीन राहू द्या. कारण ती नेली तर तो फेडणार कशाने? २०२३ साली निघालेल्या विश्वकर्मा योजनेतही शिंपी आहेत आणि अवजारांसाठी पंधरा हजारांची मदत आहे. माझ्या काउंटरवर तिचे अर्ज घेऊन बाया येतात. 'मोबाइलवर आलंय, मशीन फुकट मिळते' असे विचारणाऱ्याही येतात. तो निरोप खोटा असतो, हे त्यांना समजावताना माझा दिवस जातो. पूर्वी मी हे काम फॉर्म बघून करत असे. वही वाचल्यापासून मी अर्ज देणारीचे तोंडही बघतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चाचांनी नवा चामडी पट्टा चढवला, दोरा ओवला आणि टाका जुळवला. वरचा दोरा ताठ झाला तर खालचा वर ओढला जातो. वरचा ढिला पडला तर खाली गुंता. गाठ कापडाच्या आत, मधोमध पडली पाहिजे. "खालचा दोरा दिसत नाही, पण टाका दोघांचा असतो," असे मी सौ.ला कौतुकाने समजावून सांगितले. "ते मला सांगताय?" ती म्हणाली. आत्याने चप्पल काढून पायटा दाबला. मशीनने एकदा खोकल्यासारखे केले आणि मग तो जुना, पावसाने पत्र्यावर धरलेला ताल सुरू झाला. आत्याने पहिले काय शिवले? भाजीची पिशवी. "पोलकी पुष्कळ झाली," म्हणाली.

आता गल्लीतल्या बायका दुपारी काही ना काही घेऊन येतात. पुतण्यानेही जीन्स आखूड करून घेतली आणि काचेचा विषय पुन्हा काढला नाही. शेजारचे एक गृहस्थ मात्र हळूच येऊन म्हणाले, की जुन्या सिंगरमध्ये लाल पारा असतो आणि अरबस्तानात तिला लाखो मिळतात. ही अफवा २००९ साली सौदी अरेबियात खरोखरच उठली होती आणि लोकांनी मशिनींना वाटेल त्या किमती मोजल्या होत्या. पारा कोणालाच सापडला नाही. मी त्यांना सांगितले, आमची सगळी उघडून पाहिली. आत फक्त खोबरेल निघाले.

एकूण खर्च दोन हजार तीनशे चाळीस रुपये आला : पट्टा, सुया, तेल, लाख, स्पिरिट, सुतार, आणि चाचांनी बळेच घ्यायला लावलेली मजुरी. हा हिशेब मी आजीच्याच वहीत पुढच्या कोऱ्या पानावर मांडला आहे. वर मशीनचा नंबर, साल, कारखाना सारे व्यवस्थित लिहिले. मालकाच्या रकान्यात आजीचे नाव घातले. मयत खातेदाराच्या नावे खाते चालू ठेवणे आमच्या बँकेत अजिबात बसत नाही. घरात बसते.